जत्रा साऱ्या गावाची

१. सुगी सरली, सण आले

माघ सरला. फाल्गुन लागला. पहाटे थोडा गारवा असतो. दुपारी ऊन चटकते. आंब्याला मोहर आला आहे. रानात पळस फुलला आहे. शाळू काढून झाला. हरभरा घरात आला. गव्हाची मळणी चालू आहे.

पेरणीला अजून तीन महिने अवकाश आहे. शेतकऱ्याच्या हाताला थोडी उसंत आहे. घरात चार पायल्या धान्य आहे. वाटा कोरड्या आहेत. आपल्याकडच्या पुष्कळ जत्रा याच दिवसांत भरतात, त्याचे कारण हेच. भर पावसात जत्रा भरवली तर शेत सोडून येणार कोण? चिखलातून गाडी येणार कशी? आपल्या वाडवडिलांनी शेतीचे दिवस पाहून देवाचे दिवस धरले.

आता हे दिवस ओळीने वाचू या.

फाल्गुन पौर्णिमा: होळी. कोकणात हाच शिमगा. तिकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते.
पौर्णिमेचा दुसरा दिवस: धुळवड.
फाल्गुन वद्य द्वितीया: तुकाराम बीज. देहूला यात्रा.
फाल्गुन वद्य पंचमी: रंगपंचमी. मढीला कानिफनाथांची यात्रा.
फाल्गुन वद्य षष्ठी: नाथषष्ठी. पैठणला यात्रा.
चैत्र शुद्ध प्रतिपदा: गुढी पाडवा.
चैत्र शुद्ध नवमी: रामनवमी.
चैत्र पौर्णिमा: हनुमान जयंती. कोल्हापूरजवळ जोतिबाची यात्रा. तिथे उंच उंच सासनकाठ्या नाचवतात.

चैत्रात बायांचे चैत्रगौरीचे हळदीकुंकू असते. आंब्याची डाळ, पन्हे आणि भिजलेले हरभरे देतात. ११ एप्रिलला महात्मा फुले यांची जयंती येते आणि १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची.

म्हणजे सव्वा-दीड महिन्यात गाव दहा वेळा एकत्र येते. हे एकत्र येणे सोपे नाही. ते नीट झाले तर गाव जवळ येते. ते बिघडले तर वर्षभराचे भांडण लागते.

२. होळी लहान, पोळी सगळ्यांना

होळीला लाकूड लागते. कोणाच्या बांधावरचे झाड तोडायचे, कोणाचे कुंपण ओढायचे, यावरून तंटे होतात. झाड वाढायला वीस वर्षे लागतात. जळायला एक रात्र पुरते. म्हणून दहा होळ्या पेटवू नका. गावाची मिळून एक होळी करा. गोवऱ्या, वाळलेल्या काटक्या आणि पालापाचोळा वापरा. ओले झाड तोडू नका. टायर आणि प्लास्टिक होळीत टाकू नका. त्यांचा धूर विषारी असतो.

नैवेद्याची पुरणपोळी पुष्कळ लोक होळीत टाकतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी वेगळी रीत सुरू केली. पोळ्या आगीत न टाकता गोळा करायच्या आणि भुकेल्यांना वाटायच्या. ही रीत कुठल्याही गावाला करता येईल. देवाला नैवेद्य दाखवा. मग पोळी माणसाच्या मुखी जाऊ द्या.

रंग विकत आणायलाच हवा असे नाही. पळसाची फुले रात्रभर पाण्यात भिजत घाला, नाहीतर पाण्यात उकळा. छान केशरी रंग निघतो. हे काम मुलांना सांगा. ती आनंदाने करतील. रंग, चिखल किंवा वंगण कोणाच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका. ज्याला रंग नको, त्याला लावू नका.

३. बैठकीत काय झाले

आता एका गावाची गोष्ट वाचा. गावाचे नाव नको. असे गाव कुठेही असेल.

पाडवा झाला होता. गावची जत्रा वीस दिवसांवर आली होती. मारुतीच्या देवळापुढे बैठक बसली. पारावर कर्ती माणसे बसली. पोरे भिंतीवर चढली. बाया एका कडेला बसल्या. जत्रेचा कारभार तात्यांकडे होता. बारा वर्षे तेच पाहत होते.

तात्या म्हणाले, "दर उंबऱ्याला तीनशे. मागच्या सालासारखंच. ठरलं. चला, उठा."

मागून कोणी हळूच बोलले, "मागच्या सालच्या पैक्याचं काय झालं, ते कुठं कळलं?"

तात्यांनी ते ऐकले. ते तडकले. "कुणाला काय म्हणायचंय ते तोंडावर म्हणा! बारा वर्सं जत्रा उभी करतोय. एक पै खाल्ली असंल तर माझी जीभ झडंल."

सगळे गप्प झाले. मग एक म्हातारी आजी उठली.

"तात्या, तू खाल्लं असं मी म्हणत न्हाई. पर म्या तीनशे रुपयं अंडी विकून दिलं. त्याचं काय झालं, हे मला ठावं असाया पायजे का नको?"

सरपंचबाई म्हणाल्या, "आजींचं बरोबर आहे. तात्या, हिशेब कुठं लिहिलाय?"

"लिहायचा कशाला? सगळा डोक्यात हाय."

"मग डोक्यातला कागदावर येऊ द्या. कोण लिहून घेतं?"

कोणी पुढे होईना. तेवढ्यात बायांमधून एक सून म्हणाली, "मी घेते." ती दोन हिवाळे रात्रीच्या वर्गाला गेली होती. भिंतीवरची पोरे हसली. तिने सासऱ्यांकडे पाहिले. सासरे म्हणाले, "लिही पोरी. त्यासाठीच शिकलीस न्हवं?"

तिने वही उघडली. आळीआळीने वर्गणीची नावे लिहिली. तात्या सांगत गेले, ती लिहीत गेली. शेवटी तिने नावे मोजली. एकशे पाच भरली.

गुरुजी म्हणाले, "गावात उंबरे एकशे वीस आहेत. पंधरा कुठं गेले?"

तात्या म्हणाले, "ती ओढ्यापलीकडची वस्ती. त्यांच्याकडं मागत न्हाई आपण. गरीब हाईत."

त्या वस्तीतले एक म्हातारे गृहस्थ देवळाच्या पायरीखाली उभे होते. ते म्हणाले, "गरीब हाव, खरं हाय. पर आमाला इचारलं कुनी? वर्गणी मागत न्हाई, म्हंजे मोजत बी न्हाई. डफ वाजवाया आमी लागतो. मांडव झाडाया आमी लागतो. पंगत बसली की आमचं पान येगळं. आमचे पैसे घ्या, न्हाईतर कमी घ्या. पर यादीत नाव लिवा."

पुन्हा सगळे गप्प झाले. ज्या गोष्टीकडे गावाने इतकी वर्षे पाहिले नव्हते, ती एका यादीने दाखवून दिली.

मग खर्चाची पाळी आली. तात्यांनी घरून एक कापडी पिशवी आणवली. मांडववाल्याची, किराणा दुकानाची, वाजंत्र्यांची बिले तिच्यात कोंबलेली होती. सुनेने एकेक बिल मोठ्याने वाचले आणि लिहिले. गुरुजींनी बेरीज तपासली. ती अशी आली:

वर्गणी, १०५ उंबरे: ३१,५०० रुपये
मुंबई-पुण्याच्या गावकऱ्यांकडून: १०,००० रुपये
दुकानांच्या जागेचे भाडे: ४,००० रुपये
एकूण जमा: ४५,५०० रुपये
एकूण खर्च: ४७,३०० रुपये

सून म्हणाली, "तात्या, खर्च अठराशेनं जास्त आहे. हे पैसे कुठून आले?"

तात्या खाली पाहू लागले. बोलेनात. तेव्हा त्यांची कारभारीण बायांमधून म्हणाली, "कुठनं येणार? करडू विकलं. मला म्हणालं, गावाला सांगू नगं, जत्रा तोट्यात गेली म्हणतील."

ज्याने मागून टोमणा मारला होता, तो उठून तात्यांच्या पाया पडला.

आता विचार करा. तात्यांनी पै खाल्ली नव्हती. उलट पदरचे पैसे घातले होते. तरी वर्षभर गाव कुजबुजत होते. का? हिशेब लिहिलेला नव्हता, वाचून दाखवलेला नव्हता. वर्गणी देणाऱ्याला लिहिलेला हिशेब हवाच. पैसा सांभाळणाऱ्याला तो त्याहून जास्त हवा. खोटे काम करणाऱ्याला कागद पकडतो आणि खरे काम करणाऱ्याला कागदच सोडवतो.

४. नवी कमिटी, नवी सूचना

त्याच बैठकीत नऊ जणांची कमिटी झाली. तात्या राहिलेच. वस्तीतली दोन माणसे आली. तीन बाया आल्या. एक कॉलेजातला मुलगा आला. एक म्हातारे भजनीबुवा आले. गुरुजी आले. पैसे तात्यांकडे आणि वही सुनेकडे असे ठरले. पैसे एकाकडे आणि वही दुसऱ्याकडे, ही चांगली रीत आहे. एकमेकांवर अविश्वास म्हणून हे करायचे नसते. चूक झाली तर लगेच सापडावी, म्हणून करायचे.

दुसऱ्या दिवशी पारावरच्या फळ्यावर सूचना लागली. तुम्हीही मोठ्याने वाचा.

जाहीर सूचना
आपल्या गावची जत्रा चैत्र वद्य पंचमी व षष्ठी या दोन दिवशी भरेल.

पंचमी
सकाळी ७: सर्वांनी मिळून गावाची सफाई.
सकाळी १०: लहान मुलांच्या शर्यती, लंगडी, लगोरी.
दुपारी ४: बाया व मुलींचे खेळ. फुगडी, संगीत खुर्ची, कबड्डी.
रात्री ९: पालखीचा छबिना. तो ओढ्यापलीकडच्या वस्तीतून जाईल. नंतर भजन व भारूड.

षष्ठी
सकाळी ९: म्हाताऱ्या माणसांचा सत्कार. जुन्या आठवणी.
दुपारी १२: महाप्रसाद. सर्वांची एकच पंगत.
दुपारी ३: कुस्त्या.
रात्री ८: हिशेबाचे वाचन.

वर्गणी दर उंबऱ्याला ३०० रुपये. ज्यांना जमत नाही त्यांनी जमेल तेवढी द्यावी किंवा श्रमदान करावे. पावती घ्यावी.
जत्रा कमिटी

पाहा, यात सगळ्या वयांची माणसे आली. पुष्कळ गावांत जत्रा म्हणजे तरण्या गड्यांचा खेळ असतो. बाया चुलीपुढे, म्हातारे घरी, पोरे पाळण्याच्या रांगेत. पाहुण्यांना जेवू घालता घालता माहेरवाशिणीला पालखीसुद्धा दिसत नाही. म्हणून प्रत्येकाला वेळ नेमून द्यावी. पंगतीचा स्वयंपाक एका जागी व्हावा आणि गड्यांनीही हात लावावा. मग बायांना फुगडी खेळायला सवड मिळेल.

कुस्तीच्या फडाचेच उदाहरण घ्या. आधी लहान पोरांच्या कुस्त्या होतात, रेवड्यांवर. मग नारळावर. मग रोख इनामाच्या. सगळ्यांत मोठी कुस्ती शेवटी. म्हणजे फडात आठ वर्षांच्या पोरालाही मान असतो. कडेला बसलेला म्हातारा वस्ताद डाव सांगतो. एकाच मातीत तीन पिढ्या येतात. जत्रेचा सगळा कार्यक्रम असा असावा. आता मुलीही कुस्ती खेळतात. तयारीच्या मुली असतील तर त्यांचीही जोड लावावी.

५. एकच पंगत, एकच पाणी

सूचनेत दोन ओळी महत्त्वाच्या आहेत. 'छबिना वस्तीतून जाईल' ही एक. 'सर्वांची एकच पंगत' ही दुसरी. या ओळी लिहिताना कमिटीत वाद झाला. "जुनी वाट मोडू नका," असे काही जण म्हणाले. भजनीबुवा म्हणाले, "अभंग गाताना आपण देव सगळ्यांचा म्हणतो. मग त्याची पालखी ओढा का ओलांडत न्हाई?" त्यावर कोणाला उत्तर सुचले नाही.

हा प्रश्न आजचा नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसे घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि तिथले पाणी प्याले. ते तळे सार्वजनिक होते. तरी काही माणसांना तिथे पाणी भरू देत नव्हते. दर वर्षी २० मार्चला लोक महाडला जाऊन त्या दिवसाची आठवण करतात. आपले संविधान २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आले. त्याच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नाहीशी केली. पाणवठा, देऊळ, पंगत यांत भेद करणे हा गुन्हा आहे. पण गुन्हा आहे म्हणून एवढेच नव्हे. शेजाऱ्याचे पान वेगळे मांडून वाढलेला प्रसाद गोड कसा लागेल?

६. झाडू, पाणी, गर्दी आणि बैल

संत गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू घेत. दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे मुके जनावर मारू नका, मुलांना शिकवा, असे ते सांगत. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. त्यांचा झाडू मात्र आपल्या हाती ठेवून गेले. जत्रेच्या आधी आणि जत्रेच्या नंतरही गाव झाडावे.

पाणी: जत्रेत पाहुणे येतात. पाणी जास्त लागते. विहीर आणि टाकी यांत टी.सी.एल. पावडर टाकली की नाही, हे ग्रामपंचायतीत विचारा. पाणपोईचा रांजण झाकून ठेवा. ओगराळ्याने पाणी काढा. हात बुडवू नका. उघड्यावरचे, माशा बसलेले खाऊ नका.

जुलाब: एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्या. त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा असावा. हे पाणी थोडे थोडे पाजत राहा. माणूस मलूल झाला तर थांबू नका, दवाखान्यात न्या. १०८ नंबरला फोन केला की सरकारी रुग्णवाहिका येते.

गर्दी: २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. अडीचशेहून जास्त माणसे दगावली. आपली जत्रा लहान असली तरी देवळाची जायची वाट एक आणि यायची दुसरी ठेवा. अरुंद वाटेवर दुकाने लावू देऊ नका. मुलांच्या खिशात नावाची आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. ती चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहा.

बैल: पुष्कळ जत्रांत बैलगाड्यांच्या शर्यती असतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या होत्या. पुढे राज्याने कायदा बदलला. १८ मे २०२३ रोजी न्यायालयाने तो कायदा मान्य केला. आता शर्यतीला परवानगी मिळते, पण अटींवर. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. बैलाला मारायचे नाही, टोचायचे नाही. बैल वर्षभर आपल्यासाठी राबतो. एका दिवसाच्या हौसेसाठी त्याचे हाल करू नयेत.

७. हिशेबाचे वाचन

षष्ठीच्या रात्री कुस्त्या संपल्या. गाव पारापुढे बसले. सून उठली. या वेळी भिंतीवरची पोरे हसली नाहीत. तिने वाचले:

जमा
वर्गणी, १२० उंबरे: ३६,००० रुपये
मुंबई-पुण्याच्या गावकऱ्यांकडून: १४,००० रुपये
दुकानांच्या जागेचे भाडे: ५,००० रुपये
एकूण जमा: ५५,००० रुपये

खर्च
मांडव व दिवे: ९,००० रुपये
कुस्त्यांचे इनाम: १६,००० रुपये
भजन, भारूड, वाजंत्री व डफवाले: ७,००० रुपये
महाप्रसाद: १२,००० रुपये
मुले, बाया व म्हातारी माणसे यांचे कार्यक्रम: ४,००० रुपये
पाणी व सफाई: ३,००० रुपये
औषधपेटी: ५०० रुपये
तात्यांचे मागचे देणे: १,८०० रुपये
एकूण खर्च: ५३,३०० रुपये

शिल्लक: १,७०० रुपये

डफवाल्यांना या वर्षी पहिल्यांदा वाजंत्र्यांइतकेच पैसे मिळाले. वस्तीतल्या पंधराही घरांनी पूर्ण वर्गणी दिली होती. तात्यांनी अठराशे रुपये घेतले आणि वहीत सही केली. आजीने सुनेला जवळ बोलावले. "माझं नाव कुठं लिवलंय, दाव," ती म्हणाली. सुनेने बोट ठेवले. आजीला वाचता येत नव्हते. तिने त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि विचारले, "रातीचा वर्ग किती वाजता भरतो गं?"

प्रश्न

१. पुष्कळ जत्रा फाल्गुन-चैत्रात का भरतात?
२. सुनेने यादी केल्यावर गावाला कोणत्या दोन गोष्टी कळल्या?
३. पैसे एकाकडे आणि वही दुसऱ्याकडे का ठेवावी?
४. चवदार तळ्यावर काय झाले? कधी झाले?
५. या वर्षीच्या खर्चाची बेरीज तुम्ही स्वतः करून पाहा. बरोबर आहे का?

करून पाहा

१. आपल्या आळीतल्या उंबऱ्यांची यादी लिहा. कोणी राहिले नाही ना, ते दोनदा पाहा.
२. आपल्या गावच्या जत्रेची सूचना लिहा. मुले, बाया, तरुण आणि म्हातारी माणसे या सर्वांसाठी एकेक कार्यक्रम घाला.
३. मागच्या जत्रेचा हिशेब कोणाकडे आहे, ते विचारा. तो पारावर वाचून दाखवा.

शब्दांचे अर्थ

उसंत: कामातून मिळालेली सवड
उंबरा: येथे अर्थ, एक घर
छबिना: रात्री निघणारी पालखीची मिरवणूक
फड: कुस्त्यांची जागा
ओगराळे: पाणी काढायचे लांब दांड्याचे भांडे
शिल्लक: खर्च होऊन उरलेले पैसे